दूरस्थ नाडीपरीक्षेचा इतिहास

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर करावे नावाचे एक जुने गाव आहे. १९७० साली सिडको मंडळाची स्थापना झाली आणि या तीरावरील गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. त्यापूर्वी येथील आगरी व कोळी कुटुंबांचा चरितार्थ भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर चालत असे. आज हे गाव नव्या मुंबईच्या पोटात सामावून गेले आहे. त्याच्या किनाऱ्यावरून पश्चिमेस दृष्टी टाकली, तर पाण्यापलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर आणि त्याच्या आश्रयास वसलेले भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. गावाच्या अंगणातच व्यापारी नौकानयनाचे शिक्षण देणारी 'चाणक्य' ही संस्था आहे. उत्तरेस महापे, रबाळे, ऐरोली या बाजूस संगणकांतील माहिती साठविणारी प्रचंड कोठारे उभी राहिली आहेत. अणुशास्त्रज्ञ, खलाशी आणि माहितीचे कोठारवाले या तीन शेजाऱ्यांचा परस्परांशी संबंध तो काय, असे श्रोत्यांस वाटणे साहजिक आहे. परंतु आज ज्या विषयाचा इतिहास सांगावयाचा आहे, तो या तिघांच्या आधाराने फार चांगला सांगता येतो. तो विषय म्हणजे रोग्याच्या अंगाशी असलेले वैद्यकीय यंत्र दूरवरच्या वैद्यास जोडून देणे, आणि पुढे जाऊन ते यंत्र दुरूनच चालविणे, हा होय.

आपल्याकडे वैद्याने रोग्याचे मनगट हाती धरावे, ही चिकित्सेची पहिली पायरी समजली जाते. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे विवेचन आलेले आहे, आणि 'नाडी पाहणे' हा शब्दप्रयोग तर वैद्यकाचाच पर्याय होऊन बसला आहे. या परीक्षेत वैद्य, रोगी आणि रोगाचे लक्षण ही तिन्ही एकाच ठिकाणी असतात. १८१६ साली पॅरिस येथे लाएनेक या वैद्याने कागदाची सुरळी करून एका रोगिणीच्या छातीतील ध्वनी ऐकला, तेव्हा वैद्याचा कान आणि रोग्याचे शरीर यांच्यामध्ये एक उपकरण येऊन बसले. अंतर काय ते वीतभराचे होते. पुढील दोनशे वर्षांत तेच अंतर हजारो मैलांचे झाले. या वाढीचे तीन टप्पे पाडता येतात. पहिल्या टप्प्यात रोग्याकडून वैद्याकडे वार्ता गेली. दुसऱ्यात रेषा गेली. आणि तिसऱ्यात वैद्याकडून रोग्याच्या शरीरापर्यंत आज्ञा येऊ लागली. हे तीन टप्पे वरवर एकाच जातीचे दिसतात, पण तिसरा पहिल्या दोहोंहून मुळातच भिन्न आहे, आणि तो भेद ओळखणे हेच आजच्या काळी आपले कर्तव्य आहे.

वार्तेचा टप्पा समुद्रावर सुरू झाला. भर समुद्रात खलाशास पोटशूळ उठला किंवा यंत्रात सापडून त्याचा हात चिरडला, तर पूर्वी कप्तानाजवळ औषधांची पेटी आणि एखादे मार्गदर्शक पुस्तक याखेरीज दुसरा आधार नसे. बिनतारी संदेशाचा प्रसार झाल्यावर ही स्थिती पालटली. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्क येथील खलाशांच्या एका धर्मादाय संस्थेने जहाजांना बिनतारी यंत्राने वैद्यकीय सल्ला देण्याचा उपक्रम हाती घेतला. १९३५ साली रोम येथे ग्विदो ग्विदा या डॉक्टरांनी याच कार्यासाठी एक स्वतंत्र केंद्र स्थापिले, आणि बिनतारी विद्येचा प्रणेता मार्कोनी हा त्याचा पहिला अध्यक्ष झाला. कप्तानाने लक्षणे सांगावयाची, किनाऱ्यावरील डॉक्टरने ती ऐकून उपाय सांगावयाचा, असा हा व्यवहार होता. दोघांची भाषा एक नसली तरी काम अडू नये, म्हणून जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत वैद्यकीय संकेतांचा एक वेगळा भाग घालण्यात आला. आजच्या संहितेतही 'एम' या अक्षराने आरंभ होणारे संकेत रोग, लक्षणे व उपचार यांकरिता राखून ठेवलेले आहेत.

या इतिहासाशी करावे गावाचे नाते निकटचे आहे. १९२७ साली मुंबई बंदरात 'डफरिन' या जहाजावर हिंदी तरुणांना नौकानयनाचे शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षीच्या २३ जुलै रोजी मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झाले, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. 'डफरिन'ची जागा १९७२ मध्ये 'राजेंद्र' या जहाजाने घेतली, आणि १९९३ मध्ये ते शिक्षण जहाजावरून उतरून करावे येथे भूमीवर 'चाणक्य' या नावाने सुरू झाले. अशा संस्थांतून शिकून बाहेर पडणाऱ्या तरुण अधिकाऱ्यास पुढे प्रथमोपचाराचे व वैद्यकीय शुश्रूषेचे पाठही घ्यावे लागतात, कारण बोटीवर रोग्याशेजारी उभा राहणारा माणूस तोच असतो. सागरी कामगारांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली मान्य केला. समुद्रावरील जहाजास रेडिओ किंवा उपग्रहाच्या द्वारे वैद्यकीय सल्ला अहोरात्र आणि विनामूल्य मिळाला पाहिजे, असे त्या करारात स्पष्ट लिहिले आहे. अहोरात्र आणि विनामूल्य या दोन शब्दांकडे श्रोत्यांनी लक्ष द्यावे; पुढे त्यांची गरज पडेल.

वार्तेचा दोष असा की, ती सांगणाऱ्याच्या नजरेइतकीच चांगली असते. कप्तानाला जे दिसले नाही, ते डॉक्टरला कळणार नाही. हृदयाचा विकार तर डोळ्यांना दिसतच नाही. तेव्हा माणसाच्या शब्दांवर विसंबून न राहता शरीराकडूनच साक्ष घ्यावी, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. या विचाराचा आरंभ समुद्रावरील सल्ल्याच्याही आधी हॉलंडातील लायडन नगरीत झालेला होता, आणि येथूनच रेषेचा टप्पा सुरू होतो.

लायडनच्या विल्यम आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञाने हृदयातील सूक्ष्म विद्युत्प्रवाह नोंदविणारे यंत्र सिद्ध केले होते. ते सुमारे २७० किलो वजनाचे असून ते चालविण्यास पाच माणसे लागत. रोग्याला आपले दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे, कारण खारे पाणी विद्युत्प्रवाह उत्तम वाहते. मिठागरांच्या गावास ही गोष्ट समजावून सांगण्याचे कारण नाही. असे धूड रुग्णालयात नेणे अशक्य, आणि अंथरुणास खिळलेल्या रोग्यास प्रयोगशाळेत आणणे त्याहून कठीण. तेव्हा आइन्थोव्हेन याने रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांमधील दीड किलोमीटरचे अंतर टेलिफोनच्या तारेने जोडले. २२ मार्च १९०५ रोजी या तारेवरून एका धडधाकट माणसाच्या हृदयाची रेषा प्रयोगशाळेत उमटली. ती रेषा अपेक्षेहून उंच आली, आणि तिचे कारण असे देण्यात आले की, तो गृहस्थ नोंद देण्यासाठी प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंत सायकलवरून गेला होता. या लहानशा हकीकतीत मोठा बोध आहे. रेषा खरी होती. परंतु तो माणूस सायकलवरून आला आहे, हे रेषेला ठाऊक नव्हते. ते कोणीतरी सांगावे लागले. वार्तेवाचून रेषेचा अर्थ लागत नाही, हे अगदी पहिल्याच दिवशी सिद्ध झाले. आइन्थोव्हेन यास १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे तारही गळून पडली. १९४९ च्या सुमारास अमेरिकेत नॉर्मन होल्टर याने पाठीवर सुमारे ३८ किलोंचे ओझे वागवून, चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची रेषा बिनतारी लहरींनी पाठवून दाखविली. १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करीत असता त्याच्या हृदयाचे व श्वासाचे ठोके खाली बसलेले वैद्य मोजीत होते. आणि जे ओझे होल्टरच्या पाठीवर होते, ते आपल्या डोळ्यांदेखत तळहातावर मावू लागले. करावेच्या समोर, खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने बारा अंगांनी हृदयाची नोंद घेणारे, हातात धरण्याजोगे यंत्र तयार केले. ते बिनतारी रीतीने मोबाइल फोनशी जोडले जाते, आणि फोनमधून ती नोंद पाहिजे त्या तज्ज्ञाकडे पाठविता येते. खेड्यातील आरोग्यसेवकाने नोंद घ्यावी आणि शहरातील तज्ज्ञाने ती वाचावी, हा त्यामागील हेतू. लायडनच्या दीड किलोमीटर तारेचा हाच वारसा होय.

सरकारी पातळीवरही हे काम आपल्या देशात होत आले आहे. २००१ पासून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहाच्या साहाय्याने दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडण्याचे प्रयोग केले. त्याच दशकात मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय सिंधुदुर्ग, नंदुरबार, लातूर अशा दूरच्या जिल्ह्यांच्या रुग्णालयांशी जोडण्यात आले. २०१९ मध्ये 'ई-संजीवनी' ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. आणि २५ मार्च २०२० रोजी, महामारीच्या ऐन तोंडावर, दुरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयीचे नियम केंद्र सरकारने प्रसिद्ध केले. त्या महामारीत बोटास लावावयाचे प्राणवायुमापक घरोघर पोहोचले, आणि अंक वाचून फोनवर डॉक्टरला कळविणे हे सामान्य गृहिणीचे काम होऊन बसले.

आता हे यंत्र जोडले जाते म्हणजे नेमके काय होते, ते थोडक्यात पाहू. शरीराला चिकटलेला संवेदक प्रथम शरीरातील सूक्ष्म बदल टिपतो. यंत्र त्या बदलाचे अंकांत रूपांतर करते. ते अंक जवळच्या फोनकडे किंवा पेटीकडे जातात, तेथून इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे जातात, आणि डॉक्टर आपल्या टेबलावरील पडद्यावर वेबपृष्ठ उघडून ते पाहतो. हा सारा व्यवहार टपालखात्यासारखा आहे. पाकिटावर नाव, पत्ता व तारीख हवी, तशी प्रत्येक नोंदीवर रोग्याची ओळख, यंत्राची ओळख आणि अचूक वेळ हवी. नाहीतर एकाच्या हृदयाची रेषा दुसऱ्याच्या नावावर चढेल. पाकीट मोहोरबंद हवे, तशी नोंद सांकेतिक लिपीत गुंडाळलेली हवी. वाटेत पूल वाहून गेला तर टपाल ठाण्यात थांबवून ठेवतात, तद्वत जोडणी तुटली असता यंत्राने नोंदी स्वतःजवळ राखून ठेवून मागाहून पाठवावयास हव्यात. आणि रजिस्टर पत्राची पोच परत यावी लागते, तशी डॉक्टरने नोंद पाहिल्याची पोच रोग्याकडे आली पाहिजे. या सर्वांत शेवटचीच गोष्ट बहुधा विसरली जाते. नोंद पोहोचली, एवढ्याने ती कोणी पाहिली असे होत नाही.

लिपीची अडचणही मोठी होती. जुन्या दप्तरांत प्रत्येक कारकुनाचे मोडी वळण वेगळे असे आणि एकाचे लिहिलेले दुसऱ्यास लागत नसे. तीच गत निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांची होती. वैद्यकीय माहितीच्या देवघेवीसाठी १९८७ मध्ये 'एचएल-सेव्हन' आणि क्ष-किरणादी चित्रांसाठी १९९३ मध्ये 'डायकॉम' या नावांनी समान संकेत ठरविण्याचे काम पुढे आले, तेव्हा कोठे एका यंत्राचे अक्षर दुसऱ्यास लागू लागले. हे काम दिसण्यात रुक्ष असले, तरी त्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

येथवर शरीराकडून निरोप बाहेर गेला. आता आज्ञेच्या टप्प्याकडे वळू. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे एका रोग्याच्या शरीरात हृदयाला ठोके देणारे यंत्र प्रथम बसविण्यात आले. १९७० नंतरच्या दशकात अशा रोग्यांनी टेलिफोनवरून आपल्या यंत्राची नोंद रुग्णालयास कळविण्याची पद्धत रूढ झाली. या शतकाच्या आरंभी रोग्याने काहीही न करता, उशाजवळ ठेवलेल्या पेटीतून ही नोंद आपोआप जाऊ लागली. पण ज्या वाटेने निरोप बाहेर जातो, त्याच वाटेने हुकूम आत येऊ शकतो. औषध शिरेत सोडणाऱ्या पंपांना रुग्णालयातील जाळ्यावरून मात्रांच्या मर्यादा कळविता येऊ लागल्या. मधुमेही माणसाच्या कमरेचा इन्सुलिन पंप फोनवरून चालू लागला. आणि २०२१ साली अमेरिकेत मेंदूतील उत्तेजक यंत्राची जुळणी दुरून करण्यास मान्यता मिळाली. पार्किन्सनच्या रोग्यास शेकडो मैलांचा प्रवास न करता घरबसल्या आराम पडावा, ही सोय लहान नव्हे.

परंतु याच वाटेवर भयही उभे आहे. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रयोगशाळेत असे सिद्ध केले की, हृदयास विजेचा झटका देणाऱ्या एका यंत्रास तिऱ्हाईत माणूस रेडिओलहरींनी आज्ञा देऊ शकतो. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या हृदययंत्राचा बिनतारी भाग याच शंकेपोटी २००७ मध्ये बंद करविला होता, हे त्यांनी २०१३ मध्ये सांगितले. ऑगस्ट २०१७ मध्ये तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुमारे ४,६५,००० हृदययंत्रांच्या आज्ञावलीत दुरुस्ती करण्याचे जाहीर केले. या प्रकरणात इतिहासाने एक विलक्षण गोष्ट नोंदवून ठेवली आहे. ती दुरुस्ती अवघ्या तीन मिनिटांची होती. तथापि ती दुरून करावयाची नव्हती. दूरस्थ यंत्राचा दोष दूर करण्यासाठी रोग्याने वैद्यापुढे समक्ष येऊन बसले पाहिजे, असा नियम घातला गेला. ज्ञानी लोकांनी मनगट हाती धरण्याचे मोल येथे पुन्हा एकदा मान्य केले, असे म्हणावयास हरकत नाही.

वार्ता चुकली तर डॉक्टर प्रश्न विचारतो. रेषा चुकली तर ती वाचणारा थबकतो, पुन्हा नोंद मागवितो. दोन्ही ठिकाणी चूक आणि शरीर यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. आज्ञेच्या टप्प्यात हा मधला माणूस नाहीसा होण्याचा संभव आहे. तिसरा टप्पा भिन्न आहे असे मी आरंभी म्हटले, ते या अर्थाने.

दुसरी गोष्ट साठवणीची. सर्व्हरला लोक 'मेघ' म्हणतात, जणू काही तो आकाशात तरंगतो आहे. वस्तुतः तो चार भिंतींच्या आत, विजेवर आणि थंड हवेवर जगणारा असतो. त्यांतील कित्येक भिंती करावेच्या उत्तरेस याच शहरात उभ्या आहेत. भिंती आल्या म्हणजे चोरही आले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स' या अग्रगण्य रुग्णालयाच्या संगणकांवर असाच हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील काम हाताने, कागदावर चालवावे लागले. काम चालले, कारण कागदावर काम करू शकणारी माणसे तेथे होती. कायद्यानेही याची दखल घेतली आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे, त्यांतील संगणकीय आज्ञावलींसह, आपल्या देशात औषधांच्या कायद्याखाली आली. आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत झाला. कायदे झाले ही समाधानाची गोष्ट खरी. पण कायदा उशाशी बसून राहत नाही.

करावे गावात महापालिकेचे नागरी आरोग्य केंद्र आहे. उद्या अशा केंद्रांतील यंत्रे, किंवा गावातील एखाद्या वृद्धेच्या घरातील यंत्र, मोठ्या रुग्णालयास जोडले गेले, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. ज्या घरातील मुलगा बोटीवर आहे, त्या घरच्या आईला तर त्याचा मोठाच दिलासा वाटेल. मात्र ते यंत्र स्वीकारण्यापूर्वी या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाने शिकविलेले तीन प्रश्न विचारण्याचा तिला अधिकार आहे. माझी नोंद रात्री दोन वाजता पोहोचली, तर ती पाहणारा कोण? बाहेरून आज्ञा आली, तर ती माझ्या शरीरापर्यंत येण्यापूर्वी तपासणारा कोण? आणि जोडणी तुटली, तर दारात येऊन माझे मनगट हाती धरणारा कोण?

समुद्रावरील खलाशाच्या बाबतीत जगाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर करारात लिहून ठेवले आहे. सल्ला अहोरात्र मिळेल, विनामूल्य मिळेल, आणि रोग्याजवळ शुश्रूषेचे शिक्षण घेतलेला एक माणूस असेल. करावेच्या किनाऱ्यावरून निघून हजारो मैल दूर गेलेल्या मुलास जे आश्वासन मिळाले आहे, ते किनाऱ्यावर राहिलेल्या त्याच्या आईसही मिळावे, एवढीच मागणी आहे. तार दीड किलोमीटरची असो वा उपग्रहापर्यंत पोहोचणारी असो, तिच्या दोन्ही टोकांना जबाबदार माणूस असला, तरच तिला नाडीपरीक्षा म्हणावे.